डिंक लावायची घाई नको! कोलाज करताना या चुका टाळा

कोलाजसाठी चित्रकला यावी लागत नाही, म्हणून सगळे हौसेने बसतात. समोर जुन्या मासिकांचा ढीग, हातात कात्री, शेजारी गमची बाटली. तासाभरात कागद भरतो. मग दोन हात लांब धरून बघितलं की वाटतं, दिसतंय तर छान, पण हे कुणीही केलेलं असू शकतं. यात मी कुठे आहे? आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुठ्ठा होडीसारखा वाकलेला.

खाली लिहिलेली प्रत्येक चूक मी एकदा तरी केली आहे, काही तर चार-चारदा. ‘कोलाज’ हा शब्द ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला त्याचा अर्थच ‘चिकटवणे’. त्यामुळे चिकटवणं हेच मुख्य काम, असा नवशिक्याचा समज होतो. माझ्या बहुतेक फसलेल्या कोलाजांचं मूळ याच समजात आहे: डिंक फार लवकर लागला.

भावनेचं सरळसोट भाषांतर

मध्यंतरी मला काही महिने झोप लागत नव्हती. त्यावर कोलाज करायचं ठरवलं. चंद्र कापला, घड्याळ कापलं, एक टक्क उघडा डोळा कापला. तिन्ही काळ्या कागदावर नीटनेटके बसवले. झालं काय, तर झोपेच्या गोळ्यांची जाहिरात! अगदी चांगल्यापैकी जाहिरात, पण जाहिरातच.

चंद्र, घड्याळ, डोळा ही ‘निद्रानाश’ या शब्दाची चित्रं होती. माझ्या रात्रींशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या रात्रींत खरं काय होतं? चुरगळलेली चादर, आणि खोलीच्या कोपऱ्यातली एक खुर्ची जिच्याकडे मी तासन्‌तास बघत असे. मग गादीच्या एका जाहिरातीतून मी नुसती चादर कापली. माणसं नाहीत, उशी नाही, फक्त पांढऱ्या घड्या. तिने तीन चतुर्थांश कागद व्यापला. वर उजव्या कोपऱ्यात नखाएवढी खुर्ची, पाठमोरी. त्यात झोपेचा उल्लेखही नाही, पण बघणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, “हे रात्रीचं आहे का गं?”

1912 साली पिकासोने आपल्या एका स्थिरचित्रात वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चित्राभोवती चौकटीऐवजी दोर गुंडाळला. अख्खी खुर्ची त्याने दाखवलीच नाही. विणीचा तुकडा पुरला.

म्हणून दुःख म्हटल्यावर पाऊस, स्वातंत्र्य म्हटल्यावर उडते पक्षी, प्रेम म्हटल्यावर बदाम, हे पहिल्या पाच मिनिटांत सुचतं ते बाजूला काढून ठेवा. फेकू नका, पण बाजूला. त्या दिवसांत आपल्या नजरेसमोर कोणती वस्तू होती, हाताला काय लागत होतं, ते आठवून बघा आणि त्याच्या शोधात पानं चाळा.

अख्खं चित्र जसंच्या तसं उचलणं

मासिकातला फोटो आधीच कुणीतरी विचार करून काढलेला असतो. कुठे बघायचं, काय वाटायचं, हे त्याने ठरवलेलं असतं. तो कडेकडेने चौकोनी कापून लावला, तर तुमच्या कागदावर तो त्याचंच बोलत राहतो. असे सहा फोटो शेजारीशेजारी लावले की कोलाज होत नाही, सूचनाफलक होतो.

कापणं हीच तुमची रेषा आहे. चेहरा काढून टाका, बाह्याकृतीचं भोक तेवढं ठेवा. समुद्राचा फोटो उलटा करा, त्याचं आभाळ होतं. जर्मनीत हाना होख ही कोलाज करणारी कलावती मासिकांतल्या नट्या, पुढारी आणि यंत्रांची चाकं कापून एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायची. ती कात्रणं ज्यांनी छापली, त्यांच्या मनात यातलं काही नव्हतं.

कापण्याची हत्यारंही नीट हवीत. कडा दातेरी येत असतील तर दोष हाताचा नसतो, पातं बोथट झालेलं असतं. कटरचं पातं कंजुषी न करता मोडून पुढे सरकवा आणि खाली कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा घ्या. कात्रीने गोलाई कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा. आणि आधी आतली भोकं, मग बाहेरची कड. उलट केलं की नाजूक तुकडा हातात धरायला काही उरत नाही आणि फाटतो.

फाडलेली कड मला कापलेल्या कडेहून जास्त आवडते. गुळगुळीत छापील कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी किनार येते, दुसऱ्याला जवळजवळ नाही. कोणता हात आपल्याकडे ओढला यावर ते अवलंबून असतं. रद्दीच्या कागदावर दोन-तीनदा करून बघितलं की हाताला कळतं. ती पांढरी किनार चुकून आली तर गबाळी दिसते, मुद्दाम आणली तर काम करते.

मांडणी न करताच चिकटवणं

फ्रेंच चित्रकार मातिसने आयुष्याच्या शेवटच्या दशकभरात रंगवलेले कागद कापून जी मोठी चित्रं केली, त्यातले तुकडे आधी टाचण्यांनी भिंतीवर लावलेले असत. हलवता यावेत म्हणून. आपल्याकडे तर मोबाइलही आहे. तुकडे नुसते ठेवा, फोटो काढा, हलवा, पुन्हा फोटो. पाच-सहा मांडण्या झाल्या की फोटो कृष्णधवल करून बघा. सगळं सारखंच करडं दिसत असेल, तर नजर कुठेच थांबणार नाही, रंग कितीही भडक असोत. एखादा गडद किंवा अगदी फिका मोठा तुकडा हवा आहे, हे तिथेच समजतं.

मग ते तसंच ठेवून झोपा. पंखा मात्र बंद करा. एकदा माझी चार तासांची मांडणी पंख्याने चार सेकंदांत बदलली होती (आणि त्यातला एक तुकडा पडला तिथेच जास्त शोभला, तो मी तसाच ठेवला).

सुरकुत्या, फुगे आणि वाकलेला पुठ्ठा

याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून जरा सविस्तर.

पांढऱ्या गममध्ये पाणी असतं. पाणी लागलं की कागदाचे तंतू फुगतात आणि कागद पसरतो, विशेषतः तंतूंच्या आडव्या दिशेने. ओला कागद पुरता पसरायच्या आत खाली दाबला, तर तो चिकटल्यावरही पसरत राहतो. जागा नसते, म्हणून सुरकुती. उपाय म्हणजे तुकड्याच्या पाठीला गम पातळ आणि सगळीकडे सारखा लावायचा, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग ठेवायचा. वर बटर पेपर घेऊन जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून कडेकडे दाबत न्यायचं. कडेकडून मधे आलात तर हवा आतच कोंडते, तोच फुगा.

वाळल्यावर फुगा दिसला तर ब्लेडच्या टोकाने बारीक चीर द्या, टूथपिकने गमचा थेंब आत सारा, बटर पेपर ठेवून दाबा. चीर छपाईतल्या एखाद्या रेषेवर घेतली तर शोधूनही सापडत नाही.

पुठ्ठा वाकण्याचं कारण वेगळं. वरचा कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूला तितक्याच जाडीचा कागद त्याच गमने चिकटवला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. नंतर बटर पेपरमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर. साध्या वहीच्या कागदावर पांढऱ्या गमने मोठं काम करूच नका. निदान 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) कागद किंवा पुठ्ठा घ्या. पातळ कागदावरच करायचं असेल तर ग्लू स्टिक बरी, तिच्यात पाणी कमी असतं. तिने चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा पुढेमागे सुटतात, हेही धरून चाला.

वर्तमानपत्राचा तुकडा लावल्यावर मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसू लागली? आधी पाठीला पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा हात द्या, वाळू द्या, मग चिकटवा.

मूळ फोटो वापरणं

ही चूक दुरुस्त होत नाही. माझ्या बहिणीचं शाईच्या पेनाने लिहिलेलं एक पत्र मी थेट कोलाजात लावलं. गम लागताच अक्षरं निळ्या डागात विरघळली. ती कधी परत तसं पत्र लिहिणार नव्हती. तेव्हापासून पत्र, जुना फोटो, कुणाच्या हातची चिठ्ठी, सगळ्याची आधी प्रत काढते. प्रतही लेझर प्रिंटरची किंवा झेरॉक्स मशीनची. बऱ्याच इंकजेट प्रिंटची शाई ओल्या गमने पसरते.

वर्तमानपत्राचा कागद त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे पिवळा पडणार, उन्हात अधिक लवकर. थर्मल कागदावरच्या पावत्या आणि तिकिटं काही काळाने पुसट होतात, उष्णतेने काळी पडतात. ते पिवळं पडणंच हवं असेल तर खुशाल लावा. नको असेल तर पुन्हा प्रत काढणं आलं.

काही छोट्या खोडी

मासिकातून ‘स्वप्न’, ‘धैर्य’ असे शब्द कापून मधोमध लावू नका. डोळा आधी अक्षरांकडे जातो आणि चित्र नुसती सजावट बनतं. अर्धवट कापलेला, निम्मा झाकलेला शब्द चालतो.

कागद गच्च भरायची सक्ती नाही. पाचच तुकडे वापरायचे, असं बंधन एकदा घालून बघा.

फार खाजगी काही असेल आणि ते कुणी वाचू नये असं वाटत असेल, तर ते आधी लावा आणि वरून ट्रेसिंग पेपर किंवा दुसरा थर चढवा. खाली ते आहे हे तुम्हाला माहीत असतं, तेवढं बस. बघणाऱ्याने “याचा अर्थ काय?” विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं असंही नाही.

तरीही बिघडलंच तर

नको असलेला तुकडा गम ओला असताना हळूच उचला. वाळला असेल तर नखाने कोपरा सोडवून फाडा. पूर्ण निघणार नाही, खाली पांढरट फाटका थर राहील. त्यावर लगेच नवीन कागद चढवायची घाई करू नका. माझ्या चादरीच्या कोलाजात खुर्ची आधी डावीकडे होती. ती ओरबाडून काढली, तिथे आज एक पुसट, खुर्चीच्या आकाराचा खरवडलेला डाग आहे. तो मी झाकलेला नाही.