द्विघटक तंतूंचे आवरण सुटते? या चुका टाळा

पॉलिएस्टरचा गाभा आणि पॉलिएथिलीनचे आवरण असलेला द्विघटक तंतू नॉनवोव्हन (न विणता, तंतू एकमेकांना जोडून केलेल्या) कापडात सर्रास वापरला जातो. पॉलिएस्टर ध्रुवीय आहे, पॉलिएथिलीन तसे नाही, त्यामुळे हे दोन पॉलिमर आपणहून एकमेकांना धरत नाहीत. म्हणून आवरणात मॅलेइक अनहायड्राइडची जोड दिलेले पॉलिएथिलीन थोड्या प्रमाणात मिसळतात; हाच मिश्रक. त्यातील अनहायड्राइड गट पॉलिएस्टरच्या साखळीच्या टोकाला असलेल्या हायड्रॉक्सिल गटाशी बंध जोडतो आणि दोन्ही थरांत पकड निर्माण होते.

ही पकड कमी पडली, की कार्डिंगवर (तंतू विंचरण्याच्या यंत्रावर) पांढरी भुकटी साचू लागते आणि आवरण वितळवून तंतू जोडणाऱ्या ओव्हनमधून निघालेले कापड हलक्या ओढीनेही सुटते. अशा वेळी जवळपास प्रत्येक नवशिक्या मिश्रकाचे प्रमाण वाढवतो, आणि माझा सर्वाधिक आक्षेप याच घाईला आहे. एका कारखान्यात ऐन पावसाळ्यात ही तक्रार आली, तेव्हा मिश्रक टप्प्याटप्प्याने दुप्पट करण्यात आले. स्पिनरेटजवळ (धागे बाहेर काढणाऱ्या बारीक छिद्रांच्या चकतीजवळ) धूर वाढला, त्याच्या तोंडावर काजळी धरू लागली, धागे वारंवार तुटू लागले, आणि आवरण मात्र पूर्वीसारखेच सुटत राहिले. मिश्रकाची गोणी पावसाच्या सुरुवातीलाच फोडलेली होती आणि तोंड नुसते दुमडून यंत्राशेजारी ठेवलेली होती. दमट हवेत अनहायड्राइडचे वलय पाणी घेऊन उघडते व त्याचे आम्ल होते, आणि ते पॉलिएस्टरशी फारच मंद गतीने बंध जोडते. दाणे ७० अंशांवर वाळवले असल्याने काळजीचे कारण नाही, असे तेथील मंडळींचे म्हणणे होते. परंतु त्या तापमानाला दाण्यांवरचे पाणी जाते, उघडलेले वलय पुन्हा मिटत नाही. सीलबंद गोणी आणून मूळ प्रमाणच ठेवल्यावर तक्रार थांबली. तेव्हापासून मी गोणी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून घेतो, पावसाळ्यात लहान गोण्या मागवतो आणि उरलेला माल आतल्या पिशवीसह घट्ट बांधल्याशिवाय पाळी संपवू देत नाही.

पॉलिएस्टरच्या चिप्सबाबतही हीच शिस्त हवी. ओलावा ०.००५ टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय त्या एक्स्ट्रूडरमध्ये (वितळवणाऱ्या यंत्रात) सोडू नयेत, कारण वितळलेल्या अवस्थेत पाणी साखळ्या तोडते आणि गाभ्याची श्यानता (वितळलेल्या द्रवाचा दाटपणा) घसरते. ड्रायरचा वेळ वाचवणाऱ्याला ही घसरण लगेच दिसत नाही, म्हणूनच ती अधिक महागात पडते.

श्यानतेची दुसरी चूक कागदावर होते. पॉलिएथिलीनचा मेल्ट फ्लो इंडेक्स (वितळल्यावर ते किती सहज वाहते याचा आकडा) १९० अंशांवर मोजतात, प्रत्यक्ष कताई मात्र २८० अंशांच्या आसपास आणि कितीतरी अधिक वेगाने होते. त्यामुळे केवळ तो आकडा पाहून ग्रेड निवडणे योग्य नाही. कमी श्यानतेचा घटक जास्त श्यानतेच्या घटकाला वेढू पाहतो, म्हणून आवरणाची श्यानता थोडी कमी असणे सोयीचेच असते. पण फरक फार झाला, तर गाभा एका बाजूला सरकतो, तिथले आवरण कागदासारखे पातळ होते आणि सुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

ओढाईच्या (तंतू ताणून बारीक करण्याच्या) पाण्याचे तापमान पॉलिएस्टरच्या काच-संक्रमण तापमानाखाली (ज्याखाली तो काचेसारखा कडक होतो), म्हणजे साधारण ७० अंशांखाली, घसरू देऊ नये. थंड गाभा मान धरून, म्हणजे एकाच जागी अचानक बारीक होऊन, ताणला जातो आणि सगळा ताण थरांच्या सीमेवर येतो. स्पिन फिनिश (तंतूवर बाहेरून लावायचा तेलकट लेप) बदलून आतली पकड सुधारत नाही. पाण्याच्या झोताने फोडून मायक्रोफायबर करायच्या पॉलिएस्टर-नायलॉन तंतूंना पकड वाढवण्याचे हे उपाय लागू करू नयेत, कारण तिथे थर सुटणेच अपेक्षित असते.

तपासणीत बोथट पात्याने कापलेला तंतू सूक्ष्मदर्शकाखाली सुटलेलाच दिसतो, आणि त्या एका चित्रावरून पूर्ण लॉट नाकारलेला मी पाहिला आहे. तंतू रेझिनमध्ये बसवून धारदार पात्याने कापावा, आणि जोडीला कापडातला तुटलेला सांधा पाहावा: तिथे उघडा, गुळगुळीत गाभा दिसला तर दोष थरांच्या पकडीत आहे, आणि गाभ्यावर आवरण शाबूत असेल तर ओव्हनचे तापमान तपासावे.