क्रूझच्या एका थांब्यात राबौल कसे पाहावे

पापुआ न्यू गिनीच्या न्यू ब्रिटन बेटावरील राबौल हे बंदर ज्वालामुखीच्या कुंडातच वसलेले आहे. जहाज येथे थोडे तासच थांबते आणि पाहण्यासारखी ठिकाणे दोन विरुद्ध दिशांना आहेत, हे ध्यानात ठेवूनच दिवस आखावा.

सर्वप्रथम, जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच डेकवर जाऊन उभे राहावे. राबौलच्या सिम्पसन हार्बर या बंदरात शिरताना उजवीकडे राखाडी, उघडाबोडका तावुरवुर ज्वालामुखी आणि डावीकडे वल्कन हा दुसरा ज्वालामुखी दिसतो. १९ सप्टेंबर १९९४ रोजी हे दोन्ही एकाच सकाळी उसळले. आदल्या रात्रीच्या भूकंपाच्या धक्क्यांनी सावध होऊन बहुतेक रहिवासी आधीच बाहेर पडले होते, म्हणून मनुष्यहानी फार झाली नाही. परंतु पावसाने भिजून जड झालेल्या राखेच्या भाराखाली घरांची छपरे कोसळली आणि पुढे प्रांताचा कारभार जवळच्या कोकोपो शहरात हलला. बंदरातून एवढे पाहून घेतले, म्हणजे उतरल्यावर गजबजलेले शहर का भेटत नाही, याचा उलगडा होतो.

उतरण्यापूर्वी किना या स्थानिक चलनाच्या लहान नोटा, पाणी, टोपी, तोंडाला बांधायला रुमाल आणि जाड तळाचे बूट सोबत घ्यावेत. गाडी ठरवताना भाडे, ठिकाणे आणि परतीची वेळ आधीच बोलून घ्यावी.

त्यानंतर दिशा निवडावी. वेळ कमी असेल तर तावुरवुरचा पायथा आणि टेकडीवरील ज्वालामुखी वेधशाळा एवढेच करावे. माझ्या मते खरे राबौल तेच. पायथ्याशी किनाऱ्यावर उकळत्या पाण्याचे झरे समुद्राला मिळतात, तेव्हा तेथे पाण्यात हात किंवा पाय घालण्याचा मोह आवरावा. ऊबदार राखेत मेगापोड पक्षी अंडी पुरून जातात आणि स्थानिक लोक ती खणून काढतात. शिखर चढायचे की नाही, हे त्या दिवशी वेधशाळेने दिलेल्या सूचनेवरच ठरवावे.

वेळ अधिक असल्यास कोकोपोच्या रस्त्याने जाऊन दुसऱ्या महायुद्धातील जपानी बोगदे पाहावेत (विजेरी हवीच) आणि तेथून बिता पाका युद्धस्मशानभूमीत जावे. जपान्यांनी युद्धकैदी म्हणून आणलेल्या भारतीय सैनिकांच्या समाध्या तेथे आहेत. दौऱ्यांच्या यादीत त्यांचा ठळक उल्लेख असतोच असे नाही; तेव्हा चालकाला आधीच सांगून ठेवावे.

परतताना बाजारात थांबावे. आपण विड्यात नागवेलीचे पान खातो; येथे त्याच वेलीची लांबट शेंगेसारखी फळे चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चघळतात. विक्रेत्यांचे फोटो विचारूनच काढावेत आणि भावासाठी घासाघीस करू नये, कारण येथे ती रीत नाही. जहाजाची वेळ स्थानिक वेळेहून वेगळी असू शकते, म्हणून मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे आणि शिडी उचलण्याच्या किमान तासभर आधी धक्क्यावर पोहोचावे.