सेप्टिमा क्लार्क यांच्या पद्धतीने प्रौढांचा वाचन-लेखन वर्ग कसा चालवावा

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचं, तर अधिकारी दाखवेल ते राज्याच्या घटनेतलं कलम वाचून आणि लिहून दाखवावं लागे. नाहीतर किमान ३०० डॉलर मूल्याची मालमत्ता आणि तिचा भरलेला कर दाखवावा लागे. कृष्णवर्णीय शेतमजुरांना मतपेटीपासून लांब ठेवायला एवढं पुरत होतं. कृष्णवर्णीय शिक्षिका आणि नागरी हक्क कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क यांचे ‘नागरिकत्व वर्ग’ याच अडसरावर बेतलेले होते. पहिला वर्ग ७ जानेवारी १९५७ रोजी चार्ल्सटनजवळच्या जॉन्स बेटावर भरला. तेव्हा १४ प्रौढ आले होते. पद्धत साधी आहे, पण प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे आणि ते कळलं नाही तर वर्ग ओस पडतो.

सुरुवात शिक्षक निवडण्यापासून करा. क्लार्क स्वतः चाळीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिका, तरी पहिल्या वर्गासाठी त्यांनी पेशाने शिक्षक असलेला माणूस घेतलाच नाही. त्यांनी नेमलेल्या बर्निस रॉबिन्सन केशरचनेचा व्यवसाय करत. नेमण्याची कारणं दोन: त्या लोकांचं शांतपणे ऐकून घेत, आणि त्यांची कमाई गोऱ्यांच्या मर्जीवर चालत नव्हती. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. १९५६ मध्ये राज्याने सरकारी नोकरांना एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सदस्यत्व बंद केलं; क्लार्क यांनी राजीनामा दिला नाही, तेव्हा त्यांची नोकरी गेली आणि निवृत्तिवेतनही. शाळेत नोकरी करणाऱ्यावर असा दबाव आला की वर्ग तिथेच थांबतो. म्हणून मोठ्याने स्वच्छ वाचणारा, फळ्यावर सुवाच्य लिहिणारा आणि गावात विश्वासाचा माणूस शोधा. पदवी नसली तरी चालेल.

जागा आणि वेळ लोकांच्या दिवसात बसली पाहिजे. जॉन्स बेटावर पुढे सहकारी किराणा दुकान आणि मागच्या खोल्यांत वर्ग, अशी रचना होती. बाहेरून पाहणाऱ्याला दुकानच दिसे. आठवड्यातून दोन रात्री, दर वेळी दोन तास, तेही पेरणीपूर्वीच्या हिवाळ्यात. शेतीचा हंगाम सुरू झाल्यावर वर्ग उघडू नका, दमलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात येत नाही.

पहिल्या दिवशी धडा शिकवू नका; काय शिकायचंय ते विचारा. रॉबिन्सन यांनी प्राथमिक शाळेचं साहित्य आणलं होतं, ते लगेच बाजूला ठेवावं लागलं. साठीच्या माणसापुढे बालवाचन ठेवणं हा त्याचा अपमान आहे, आणि तो बोलून न दाखवता येणं बंद करतो. लोकांना हवं होतं ते वेगळंच: बायबल वाचणं, दूर गेलेल्या मुलांना पत्र लिहिणं, मालाच्या मागणीचा अर्ज भरणं आणि अर्थातच मतदार नोंदणी. प्रत्येकाची मागणी लिहून घ्या. तोच अभ्यासक्रम.

लेखन सहीपासून घ्या. जाड पुठ्ठ्यावर त्या माणसाचं नाव ठळक, मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्याने त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची, हाताला वळण बसेपर्यंत. मग पाहून लिहायचं आणि शेवटी न पाहता. नांगर धरलेला हात पेन्सिल घट्ट आवळतो आणि टोक मोडतं. अशा वेळी रागावू नका, जादा पेन्सिली जवळ ठेवा आणि पकड सैल करायला सांगा. शिकणाऱ्याचा हात धरून लिहवून घेणं टाळा. त्याने वळण तुमच्या हाताला कळतं, त्याच्या नाही.

वाचनाचा मजकूर त्यांच्याच तोंडून घ्या. १९१६ मध्ये जॉन्स बेटावर शिकवायला गेलेल्या तरुण क्लार्क यांच्याकडे साहित्य नव्हतं. कपडे धुलाईच्या दुकानातल्या कागदी पिशव्यांवर त्या मुलांनी सांगितलेल्या आसपासच्या गोष्टी लिहीत. प्रौढांनाही हेच लागू पडतं: आपलंच वाक्य फळ्यावर दिसलं की शब्द ओळखणं सोपं जातं. त्यानंतर निवडणूक कायदा घ्या, आणि तो त्या-त्या राज्याचाच, कारण अटी राज्यागणिक वेगळ्या होत्या. कलम पाठ करून घेण्याचा मोह होतो. बेटावरचे बसचालक आणि कार्यकर्ते इसॉ जेन्किन्स आपल्या बसमधल्या प्रवाशांकडून घटनेचा मजकूर असाच घोकून घेत. पण अधिकाऱ्याने दुसरं कलम पुढे केलं की पाठांतर कुचकामी ठरतं. मधल्याच ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगा, म्हणजे कोण वाचतंय आणि कोण आठवतंय ते कळेल.

गणित कामातलं हवं. १०० बाय ६० फुटांच्या तुकड्याला कुंपण घालायचंय, दर १० फुटांवर खांब, किती लागतील? परीघ ३२० फूट, म्हणजे ३२ खांब. बरेच जण एक वाढवून ३३ सांगतात. पहिला खांबच शेवटचा ठरतो हे जमिनीवर काड्या रोवून दाखवा.

शेवटचे काही वर्ग खऱ्या नोंदणी अर्जावर घालवा. अर्जाची मोठी प्रत भिंतीवर लावा, प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून भरून घ्या. एकेकट्याला कार्यालयात पाठवू नका, गटाने न्या.

वर्ग वाढवायचा तर आधी शिक्षक वाढवा. १९६१ पासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एससीएलसी या नागरी हक्क संघटनेने हा कार्यक्रम हाती घेतला आणि जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग शिक्षकांना तयार करू लागले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतल्या साक्षरता चाचण्या थांबवल्या, तरी वर्ग बंद झाले नाहीत. तुमच्या वर्गातही जो सही शिकून पुढे गेला, त्याला पुढच्या हंगामात नवख्यांच्या शेजारी बसवा.