शाळेची ‘ऐच्छिक’ देणगी आणि वरचा खर्च: पैसे देण्याआधी काय तपासावं

नववीला शाळेचा खर्च एकदम अंगावर येतो, कारण आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं शाळेतून मोफत मिळतात, दुपारी पोषण आहार असतो आणि नववीत हे दोन्ही थांबतं. त्यात सत्र शुल्क, गणवेश, जर्नल, सहल, गॅदरिंग आणि वर ‘संस्थेला काहीतरी द्या’ हे आलंच. यातलं काय भरावंच लागतं, काय टाळता येतं आणि काय मागणंच चूक आहे, हे जूनमध्येच पक्कं करून घ्या.

आधी तुकडी विचारा

सोलापुरातली बरीचशी हायस्कुलं खासगी संस्थांची, पण अनुदानित आहेत. अनुदानित शाळेत दहावीपर्यंत शिकवणी फी माफ असते, मुलींना तर बारावीपर्यंत. मात्र एकाच इमारतीत काही तुकड्या अनुदानित आणि काही, बहुतेक वेळा सेमी इंग्रजीच्या, विनाअनुदानित असतात. बहुतेक पालक फसतात ते इथेच. शेजारच्या मुलाला फी नाही आणि आपल्याला आहे, म्हणून ते वर्षभर भांडतात. तुकडी विनाअनुदानित असेल तर तिथली फी रीतसर असू शकते. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच ऑफिसात विचारा, ‘ही तुकडी अनुदानित आहे का?’ आणि उत्तर लेखी घ्या.

मग कागदावर तीन रकाने पाडा

पहिल्या रकान्यात नियमाची फी: सत्र शुल्क, दहावीचं बोर्डाचं परीक्षा शुल्क, पालक-शिक्षक संघाची वर्गणी. ही वर्गणी 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यातच ठरलेली आहे: वर्षाला शहरात 50 रुपये, ग्रामीण भागात 20. दुसऱ्या रकान्यात वस्तू आणि उपक्रम: गणवेश, वह्या, सहल, स्नेहसंमेलन. तिसऱ्यात देणगी: इमारत निधी, विकास निधी, संगणक कक्षाला मदत, नाव काहीही असो.

शाळेनं सांगितलेली प्रत्येक रक्कम यातल्या एका रकान्यात बसली पाहिजे. बसत नसेल तर ‘हे कशाचे पैसे?’ असं विचारा. ‘इतर’ किंवा ‘शैक्षणिक साहाय्य’ एवढंच उत्तर आलं तर ती रक्कम तिसऱ्या रकान्यात टाका.

तिसरा रकाना ऐच्छिक आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या फीच्या वर मागितलेली रक्कम, घेता येत नाही. घेतली तर रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होतो. हा कायदा आठवीपर्यंतचा, म्हणजे हायस्कूलच्या पाचवीच्या प्रवेशालाही लागू. नववी-दहावीसाठी राज्याचा 1987 चा कॅपिटेशन फीबंदी कायदा आहेच. तेव्हा प्रवेश नक्की होऊन मुलाचं नाव हजेरीपटावर येईपर्यंत देणगीचा एक रुपयाही देऊ नका. आधी दिलेली देणगी ‘स्वखुशीची’ नव्हती, हे नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.

पावती वाचून घ्या

पावती घडी घालून खिशात टाकायची नाही, खिडकीपाशीच वाचायची. वर कुणाचं नाव आहे, शाळेचं की संस्थेचं? पुस्तक क्रमांक आणि पावती क्रमांक छापील आहे का? कारणाच्या ओळीत काय लिहिलंय? 2,000 भरलेत, त्यात सत्र शुल्क 300 आणि उरलेली देणगी असेल तर दोन वेगळ्या ओळी लिहून घ्या. एकच आकडा लिहिलेली पावती पुढे कुठल्याच तक्रारीत उपयोगी पडत नाही. पैसे वर्गशिक्षकाच्या हातात किंवा त्यांच्या फोनवर पाठवू नका. शिक्षक प्रामाणिक असले तरी नोंद राहत नाही आणि गैरसमज झाला की तेही अडचणीत येतात.

द्यायची ऐपत असेल तर जरूर द्या. वेतनेतर अनुदान (पगार सोडून इतर खर्चासाठी सरकारकडून मिळणारे पैसे) वेळेवर आलं नाही की खडू, वीजबिल, स्वच्छतागृहाची सफाई यांसाठी मुख्याध्यापकांची खरंच ओढाताण होते. पण कामाचं नाव पावतीवर लिहून घ्या, किंवा पंखा, पाण्याचा फिल्टर अशी वस्तूच द्या.

द्यायचं नसेल तर तोंडी वाद घालू नका. मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळी लिहा: ‘माझा पाल्य इयत्ता अमुक, तुकडी तमुक. आपण मागितलेली देणगी आर्थिक अडचणीमुळे देऊ शकत नाही. नियमानुसार असलेली फी भरली आहे, पावती सोबत जोडली आहे. पाल्याच्या शिक्षणावर याचा परिणाम होऊ नये ही विनंती.’ दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.

वस्तूंवर पैसे वाचतात ते असे

सोलापूर हे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांचं गाव आहे, इथला माल बाहेरगावीही जातो. रंग आणि नमुना शाळेनं ठरवावा, पण ठरावीक दुकानाची सक्ती मानू नका. नमुन्याचा तुकडा घेऊन दोन-तीन दुकानांत भाव काढा. पँटच्या मोहरीला आणि स्कर्टच्या घेराला 2-3 इंच दुमड ठेवायला सांगा. या वयात मुलं वर्षात दुमडीएवढी वाढतातच. नववी-दहावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, शिवाय वरच्या वर्गातल्या मुलाकडून जुना संच घेता येतो. फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना, ते आवृत्तीच्या वर्षावरून बघा.

सहलीला शाळांना एसटीत निम्मी सवलत मिळते. खासगी बसचा आकडा मोठा वाटला तर पालक सभेत हे काढा. सहल सक्तीची नसते, त्यामुळे संमतीपत्रावर ‘नाही’ लिहिता येतं.

मिळणारी मदत सोडू नका

आठवीत असतानाच मुलाला एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरात विडी कामगार असेल, आणि सोलापूरच्या पूर्व भागात किंवा शहराजवळच्या कुंभारीच्या घरकुलांत असं घर शोधावं लागत नाही, तर कामगार कार्डावर केंद्राची शिष्यवृत्ती आहे. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. पालक नोंदीत बांधकाम कामगार असतील तर 75 टक्के हजेरीवर पहिल्या दोन मुलांना आठवी ते दहावी वर्षाला 5,000 रुपये मिळतात. अर्ज अडकतात ते बहुतेक दोनच कारणांनी: बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं, किंवा आधारवरच्या आणि शाळेच्या दाखल्यावरच्या नावात फरक असतो. हे उन्हाळ्याच्या सुट्टीतच दुरुस्त करा. तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला असेल तर परीक्षा शुल्काच्या माफीचीही चौकशी शाळेत करा. 2023 मध्ये बार्शी, माढा, करमाळा, सांगोला आणि माळशिरस हे तालुके त्या यादीत होते.

अडवणूक झाली तर

देणगी दिली नाही म्हणून हॉल तिकीट अडवता येत नाही. ते छापून देण्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, अशी बोर्डाची सूचनाच असते. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या. दाद मिळाली नाही तर पावती आणि पोच घेतलेली प्रत जोडून जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जा, त्यानंतर पुण्याला शिक्षण उपसंचालकांकडे. देणग्यांचा हिशेब हवा असेल तर अनुदानित शाळेकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहू नका, ‘अमुक शैक्षणिक वर्षात पालकांकडून घेतलेल्या देणग्यांची एकूण रक्कम आणि पावती पुस्तकांच्या प्रती’ असं नेमकं मागा.