दहा वर्षांनंतरही दुरुस्त होईल अशी ई-सायकल कशी निवडावी

जुलै २०२३ मध्ये अॅमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही ई-सायकल कंपनी दिवाळखोर ठरली, तेव्हा तिच्या ग्राहकांपुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. दारात उभी असलेली सायकल धडधाकट होती, पण तिचे कुलूप आणि सेटिंग मोबाइलवरच्या अॅपमधून चालत असे, आणि त्या अॅपला लागणारी प्रत्येक सायकलीची डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येत असे. सर्व्हर बंद पडण्यापूर्वी ती किल्ली उतरवून घेण्यासाठी लोकांची धावपळ उडाली, आणि त्यासाठीचे छोटे अॅप काउबॉय या बेल्जियममधल्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या अभियंत्यांनी तयार करून दिले. पुढे ऑगस्टच्या अखेरीस व्हॅनमूफला नवा मालक मिळाला. तरीही मूळ अडचण किल्लीपुरती नव्हती. फ्रेमच्या पोटातली बॅटरी, नळीत बसवलेला डिस्प्ले, आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा हे सारे त्या एका कंपनीसाठीच घडवलेले असल्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे कौशल्य असूनही बसवायला भाग नव्हता.

म्हणून ई-सायकल घेताना ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा असावा: यातला कोणता भाग बिघडल्यास तो कंपनीशिवाय इतर कोणाकडे मिळेल? टायर, ट्यूब, साखळी, ब्रेक पॅड यांच्याबाबत उत्तर सहसा सोपे असते, पण तिथेही चाकाचा आणि टायरचा आकार नेहमीचा आहे की नाही, हे टायरवरचे आकडे वाचून पाहून घ्यावे. खरी परीक्षा बॅटरी, मोटर, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर, डिस्प्ले आणि पेडल फिरते आहे हे ओळखणारा पेडल सेन्सर या पाच भागांची असते, आणि त्यातही ते एकमेकांशी कोणत्या ‘भाषेत’ बोलतात याची.

सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण ती कितीही चांगली असली तरी झिजणारच. बहुतेक ई-सायकलींची बॅटरी ३६ व्होल्टची असते, म्हणजे आत लिथियम-आयन सेलचे दहा गट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणून अशा बॅटरीच्या चार्जरवर ४२ व्होल्ट लिहिलेले असते. बॅटरी १० अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात ३६० वॅट-तास ऊर्जा मावते, आणि पेडल मारत चालवल्यास किलोमीटरला साधारण १० ते १५ वॅट-तास लागतात. म्हणजे २५ ते ३५ किलोमीटर. जाहिरातीतला आकडा याच्या दुप्पट असेल, तर विक्रेत्याच्या बाकीच्या विधानांकडेही थोडे सावधपणे पाहावे.

बॅटरी किल्लीने सुटी होऊन हातात येते का, हे दुकानातच करून पाहावे. तिचे कवच स्क्रूने बंद केलेले आहे की गोंदाने चिकटवलेले, हेही उलटसुलट करून पाहावे. स्क्रू असतील तर जाणकार कारागीर आतले सेल बदलू शकतो. गोंद असेल तर एक गट मेला तरी पूर्ण बॅटरी बाद होते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार अशा वाहनांच्या बॅटऱ्या फेब्रुवारी २०२७ पासून स्वतंत्र कारागिरालाही बदलता आल्या पाहिजेत. आपल्याकडच्या ग्राहकाला तोवर स्क्रूड्रायव्हरच्या खाचा स्वतःच शोधाव्या लागतील.

माझ्या सायकलीची बॅटरी तिसऱ्या वर्षी सपाट रस्त्यावर निम्मी भरलेली दाखवायची आणि कात्रजचा चढ लागला की एकदम बंद पडायची. कंपनीच्या सेवाकेंद्राने नवी बॅटरी घ्या, असे सुचवले. एका कारागिराने कवच उघडून मल्टिमीटरने दहाही गट मोजले, तेव्हा नऊ गट ३.७ व्होल्टच्या आसपास होते आणि एकच २.९ वर अडकला होता. चढावर भार आला की तो गट आणखी खाली जाई, आणि बॅटरीचे रक्षण करणारे बीएमएस नावाचे सर्किट वीज तोडून टाकी. दोष बीएमएसचा नव्हता. ते आपले काम चोख करत होते. हे काम मात्र घरी कोणी करू नये. त्याला निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडण्याचे यंत्र आणि एकसारख्या क्षमतेचे सेल निवडण्याची शिस्त लागते, आणि पान्याचा एक चुकीचा स्पर्श आग लावायला पुरतो. काही कंपन्यांचे बीएमएस सेल काढताच कायमचे कुलूपबंद होते, तर काही बॅटऱ्या मोटरशी सांकेतिक संदेशांची देवाणघेवाण झाल्याशिवाय वीजच देत नाहीत. ‘बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यात फक्त धन आणि ऋण तारा आहेत की संदेशाच्या तारासुद्धा?’ हा प्रश्न विचारावा. विक्रेत्याला उत्तर येत नसेल, तर प्लगमधल्या पिना मोजाव्यात. जास्त पिना दिसल्या तर संदेशाच्या तारा असल्याचा संशय धरून खुलासा मागावा.

मोटरच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: शहरातल्या रोजच्या वापरासाठी चाकातली, म्हणजे हब मोटर घ्यावी. तिच्यात बिघडण्यासारखे फार नसते. गिअर असलेल्या हब मोटरमधली नायलॉनची छोटी दातेरी चाके झिजतात आणि ती बदलता येतात. मोटर फिरताना कुठे पोहोचली हे ओळखणारा हॉल सेन्सर गेला तर मोटर झटके देत सुरू होते, आणि तोही बदलता येतो. प्रत्यक्षात सर्वांत जास्त त्रास मागच्या चाकाचे आरे तुटल्याने होतो, म्हणून जाड आरे आहेत का ते पाहावे. पेडलपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर घाटात निःसंशय सरस ठरते, कारण तिला सायकलीच्या गिअरचा फायदा मिळतो, पण तिच्या जोराने साखळी आणि दातेरी चाके लवकर झिजतात. शिवाय बॉश किंवा शिमानोसारख्या मोटरसाठी फ्रेमच खास आकाराची घडवावी लागते, त्यामुळे त्या जागी पुढे दुसऱ्या कंपनीची मोटर बसत नाही. याला अपवाद म्हणजे साध्या फ्रेमच्या ६८ मिलिमीटरच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीत, बसणारी बाफांग कंपनीची मोटर-किट; ती काढली की हातात साधी सायकल उरते.

कंट्रोलर आणि डिस्प्ले यांच्याकडे ग्राहकाचे सहसा लक्ष जात नाही, आणि सायकल अडकून पडते ती तिथेच. एका पावसाळ्यात माझ्या डिस्प्लेत पाणी शिरले. ते मॉडेल कंपनीने बंद केले होते. बाजारात हुबेहूब तोच प्लग असलेला डिस्प्ले मिळाला. तो बसला, उजळला आणि त्यावर दोषाचा आकडा झळकला, कारण प्लग सारखा असला तरी संदेशांची पद्धत वेगळी होती. अखेर कंट्रोलर, डिस्प्ले आणि पेडल सेन्सर असा एकाच बनावटीचा सुटा संच घेतला, आणि जुनी मोटर व बॅटरी तशीच ठेवून सायकल पुन्हा रस्त्यावर आली. हे शक्य झाले ते कंट्रोलर वेगळ्या डबीत असल्यामुळे. तो मोटरच्या आत बसवलेला असता तर काम फार अवघड झाले असते. त्यामुळे कंट्रोलर कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवायला सांगावे.

अॅपची परीक्षा सोपी आहे. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून सायकल सुरू करून दाखवा, असे म्हणावे. ती सुरू झाली नाही, किंवा मोटरच्या साहाय्याची पातळी बदलता आली नाही, तर ती सायकल अजून कंपनीचीच आहे असे समजावे.

संच बदलताना एक मर्यादा पाळावी. भारतात २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीवरचे वाहन, वजन वगैरेच्या इतर अटी पूर्ण करत असेल तर, मोटार वाहन मानले जात नाही. त्यामुळे नोंदणी लागत नाही. जास्त ताकदीचा कंट्रोलर बसवला की ही सूट संपते. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केले आहे, पण सुटे भाग किती वर्षे मिळतील हे कंपनीकडून खरेदीच्या वेळीच लेखी मागावे.

घरी आणल्यावर पहिल्या रविवारी मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी यांवरच्या लेबलांचे आणि प्रत्येक प्लगचे फोटो काढून ठेवावेत. मॉडेल चालू असतानाच एक जादा डिस्प्ले, एक चार्जर आणि मागच्या गिअरला धरणारा हँगर घेऊन ठेवावा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि सायकल आडवी पडली की तोच वाकतो. प्लगमध्ये पाणी शिरू नये म्हणून डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारे, ग्रीस भरावे, सायकल जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये, आणि महिनाभर वापर नसेल तर बॅटरी निम्मी भरून, सावलीत ठेवावी.

जुनी ई-सायकल घेत असाल तर मालकाला आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरून चार्जर काढून ठेवायला सांगावे आणि सकाळी मल्टिमीटर घेऊन जावे. ३६ व्होल्टची बॅटरी असेल तर ४२ वरून काही दशांश खाली आलेले चालतील. रात्रीत दोन-तीन व्होल्ट उतरले असतील, तर बॅटरीची किंमत शून्य धरून मगच घासाघीस सुरू करावी.