दंडारीची नोंद घ्यायची तर बदलासकट घ्या

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई म्हणजे गावजत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि दंडार, म्हणजे इथलं नाच-गाण्याचं लोकनाट्य, उभी राहते. तिची नोंद घ्यायला जाणारे बरेचदा फक्त जुनं शोधतात. सिनेमाच्या चालीवरचं गाणं लागलं की मोबाईल बंद! असं करू नका. ती चाल कधी घेतली आणि तिच्या जागी आधी काय म्हणत होते, यातच गाव कसं बदललं ते कळतं. सुरुवातीच्या गणापासून शेवटापर्यंत सलग रेकॉर्ड करा.

१०८० पिक्सेलचं चित्रण मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जागा घेतं, म्हणजे चार तासांना २५ ते ३० जीबी. ६४ जीबी मोकळी ठेवा, पॉवर बँक लावा आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका. मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. एलईडी दिव्यांखाली चित्रात काळे पट्टे सरकतात, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे बहुतेक वेळा जातात.

आवाजासाठी दुसरा फोन किंवा रेकॉर्डर हवाच. तो ढोलकीला चिकटवला तर धुमाची, म्हणजे खर्जाच्या बाजूची, थाप फाटते आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. दोन-तीन मीटर लांब, गाणाऱ्याच्या बाजूला आणि जनरेटरकडे पाठ करून ठेवा. तालमीतच आवाज तपासा. सगळ्यात जोराच्या थापेला पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये.

खरं काम दुसऱ्या दिवशी, ओसरीवर. "दंडार कधी बदलली?" असं विचारलं तर "पहिलेसारखी नाही राहिली आता" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा एकेक वस्तू धरून विचारा. लुगडं नेसून बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला विचारा: नेसायला कोणी शिकवलं? लुगडं कोणाच्या घरून येई? नाटकात बायका काम करू लागल्यावर तुमच्याकडे पाहायची लोकांची नजर बदलली का? गॅसबत्ती जाऊन माईक आला, तेव्हा कोणती गाणी मागे पडली? खर्च आधी कोण उचले, आता वर्गणी कशी जमते?

साल आठवत नसेल तर गावात वीज आली त्याच्या आधी की नंतर, असं विचारा. शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, २०१४ साली न्यायालयाची बंदी आली आणि २०२१च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली. पटाच्या रात्रीचं नाटक त्या काळात झालं का, कोणत्या निमित्तानं, हेही विचारा. दोघांनी दोन सालं सांगितली तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह.

वहीत पाच रकाने पुरतात: गाणं, आजची चाल, आधीची चाल, कधी बदललं, कोणी सांगितलं. जातीवरून टोमणा म्हणून गाळलेली ओळ असेल तर तीही लिहा, पण दंडारीच्या मंडळाला विचारल्याशिवाय बाहेर टाकू नका. फाईलला गाव, तारीख आणि क्रमांक द्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर मंडळाच्या हाती पुढच्या मंडईच्या तालमी लागायच्या आत पोचवा.