किल्ली कुलपालाच लटकलेली: कर सल्लागाराच्या ऑफिसात या चुका टाळा

जुलै आला की कर सल्लागाराच्या ऑफिसात पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ यांचा नुसता ढीग लागतो. मी अशा ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं करतो. हॅकरची भीती सगळ्यांना असते, पण मी पाहिलंय ते असं, की कागद बहुतेक वेळा आपल्याच हातून बाहेर जातो.

पासवर्डचंच बघा. आयकर पोर्टलवरून उतरवलेली एआयएसची (खात्याकडे असलेल्या आपल्या उत्पन्नाच्या आणि व्यवहारांच्या वार्षिक माहितीची) पीडीएफ उघडायला स्मॉल अक्षरांत पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख लागते. दोन्ही पॅनकार्डावर छापलेलं असतं, आणि आपण पीडीएफ आणि पॅनकार्ड एकाच मेलला जोडतो! ई-आधारही तसंच: नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. फाइल पाठवण्याआधी तिला स्वतःचा वेगळा पासवर्ड घाला आणि तो फोनवर सांगा. पूर्ण आधार क्रमांकाची गरज नसेल तिथे मास्क्ड आधार मागा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद ऑफिसात काम करणाऱ्या मुलांच्या खाजगी फोनच्या गॅलरीत जाऊन बसतात. पोरीच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये कुणाचा तरी कॅन्सल्ड चेक! व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधली मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत दिसत नाहीत. त्याहून बरं म्हणजे ऑफिसचा फोन वेगळा ठेवा.

माणूस काम सोडून गेला की टॅलीतला त्याचा युजर बंद करतात, पण ऑफिसच्या जीमेलचा रिकव्हरी नंबर मात्र त्याचाच राहतो. एका ऑफिसात वर्षभर ओटीपी अशा सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवर जात होते आणि हे लोक दर वेळी त्याला फोन करून विचारत होते. मुलगा भला, म्हणून निभावलं. शेवटच्या दिवशी हिशेबासोबत हा नंबरही बदला.

बिघडलेल्या झेरॉक्स रद्दीत टाकू नका. भेळेच्या पुड्यावर कुणाचा तरी पगार वाचायला मिळतो, तो असाच.

बॅकअपची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही लॉक करतं. बॅकअप झाला की काढून ठेवा, आणि अधूनमधून एखादी फाइल रिस्टोअर करून बघा.

फाइली अचानक उघडेनाशा झाल्या, नावांपुढे भलतंच शेपूट दिसू लागलं, तर आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. घाईत फॉरमॅट मारू नका, पुरावाच जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि मेल भलत्यालाच गेला तर? पाठवलेला मेल मागे घ्यायचं जीमेलचं अनडू फार तर ३० सेकंद चालतं. त्यानंतर जोडलेली फाइल परत येत नाही. ड्राइव्हची लिंक ठरावीक मेल आयडीलाच दिली असेल, तर तिचा अ‍ॅक्सेस मात्र मागाहूनही काढता येतो.